सासरच्या नावाची वेबसाइट

मी वेबसाइट काढली ती एकाच बाईसाठी. तिने मला शोधावं आणि मी तिला सापडावी, एवढाच हेतू. बाकी मी लोकांना जे सांगत आले, की निवृत्तीनंतर काहीतरी नाद हवा, आठवणी लिहून ठेवायला हव्यात, नातवंडांना पुढे कळायला हवं, ते सगळं तोंडदेखलं. नातवंडं तेव्हा झालेलीच नव्हती.

ती बाई म्हणजे माझी कल्याणजवळच्या मोहने गावातली मैत्रीण. आमचे दोघींचे वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात कामाला होते आणि कॉलनीत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. भिंत इतकी पातळ, की तिच्याकडे स्टोव्ह पेटला की आमच्याकडे ऐकू यायचं. जेवण उरकलं की मी भिंतीवर वाटीने ठोकायचे, पलीकडून तिची वाटी वाजली की दोघी बाहेर. शाळेत एक बाक, गणपतीच्या कार्यक्रमात एक नाच, भांडणंसुद्धा एकमेकींशीच. आम्ही नववीत असताना तिच्या वडिलांनी मध्य प्रदेशातल्या एका गिरणीत नोकरी धरली आणि त्यांचं बिऱ्हाड गेलं. मग काही वर्षं पत्रं. शेवटचं पत्र तिचं लग्न ठरल्याचं आलं. त्यात मुलाचं नाव, आडनाव, गाव काही नव्हतं. तो चहा पीत नाही एवढंच लिहिलं होतं, आणि आता आयुष्यभर कसं निभवायचं म्हणून काळजी केली होती. मी उत्तर पाठवलं तोवर ती मंडळी बहुतेक तिथून हलली होती. पाठोपाठ माझे वडील निवृत्त झाले, आम्ही कॉलनी सोडून डोंबिवलीला आलो. पुढे कारखानाही बंद पडला. जुन्या पत्त्यावर एखादं पत्र आलंही असेल, पण ते पुढे पाठवायला तिथे कुणी उरलं नव्हतं.

घरात इंटरनेट आलं तेव्हा मी सगळ्यात आधी तिचं नाव टाकलं. नाशिकची एक दातांची डॉक्टर निघाली, दहावीत पहिली आलेली एक मुलगी निघाली, आणि कुठल्याशा नगरपालिकेच्या निवडणुकीत पडलेल्या एक बाई. आमची ती नाही. कॉलनीतल्या जुन्या लोकांचा मोबाइलवर ग्रुप आहे, तिथे विचारलं. एक जण म्हणाला तिला इंदूरला दिली, दुसरा म्हणाला बडोद्याला, तिसऱ्याने सुप्रभातचं फूल पाठवलं. मी मनाशी म्हटलं, लग्न झालेली बाई माहेरच्या नावाने कशी सापडेल? तिनेच मला शोधलं तर भेट व्हायची. एवढा विचार मी बरोबर केला. तोच विचार स्वतःला लावून बघायची अक्कल मला झाली नाही, याचं आज फार वाईट वाटतं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर जातंच, पुष्कळ घरांत पहिलं नावही जातं. माझं गेलं. सासरी पाऊल टाकल्यावर तांदळाचं ताट पुढे आलं, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, नणंदेने ते मोठ्याने वाचलं, पेढे वाटले. बाईची ओळख पुसली जाते वगैरे लोक म्हणतात. मला तसलं काही वाटलं नाही. मला ते नाव फार आवडलं. माझं जुनं नाव पणजीचं, तिची आठवण म्हणून ठेवलेलं. त्यावरून शाळेत मुलं चिडवायची आणि हजेरीच्या वेळी मी खाली मान घालून ‘हजर’ म्हणायचे. नवं नाव नणंदेने निवडलेलं, छान ठसठशीत. खरं सांगायचं तर नवऱ्याच्या आधी मला नाव आवडलं. ताटातलं ते नाव मोडायला माझा हात होईना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, भात करायचाय त्याचा.’

पुढे डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत मी निवृत्त होईपर्यंत काम केलं, ते त्याच नावाने. रिपोर्टवर त्या नावाची सही झाल्याशिवाय ड्रम गेटबाहेर जात नसे. जुन्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. आई गेल्यावर ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलंच नाही, आणि मला त्याची आठवणही आली नाही.

मुलाने ठाण्यात बाळकुमला फ्लॅट घेतला आणि आम्ही दोघं डोंबिवलीचं घर सोडून त्यांच्याकडे राहायला गेलो. दारावर पाटी लावायची वेळ आली तेव्हा नीट ध्यानात आलं, की सुनेने नाव बदललेलं नाही. पहिलं नाही आणि आडनावही नाही. पाटीवर आमचं आडनाव आणि त्याखाली तिचं वेगळं. मी नाक मुरडलं. तिच्यासमोर नाही, पण डोंबिवलीच्या मैत्रिणींना फोनवर सांगताना आवाज काही कमी केला नाही.  तिची नोकरी अशी, की लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून द्यायच्या. दिवसभर घरात बसून त्या खुर्चीत ती नेमकं काय करते हे मला कळत नसे, आणि कळून घ्यावं असंही वाटलं नव्हतं. आता तेच माझ्या कामाचं निघालं.

‘मला वेबसाइट काढायचीय,’ एका रविवारी मी तिला म्हटलं. ‘आणि ती शोधणाऱ्याला सापडली पाहिजे. नुसती काढून उपयोग नाही.’

‘कोण शोधणार आहे, आई?’

तिच्या कामातला हा पहिला प्रश्न. शोधणारं माणूस कोण आणि ते काय शब्द टाकेल, इथून सगळं सुरू होतं. मी मैत्रिणीचं सांगायला लाजले. साठी उलटलेल्या बाईने शाळेतल्या मैत्रिणीसाठी एवढा खटाटोप करावा, हे मलाच बालिश वाटलं.

‘लोक,’ मी म्हटलं. ‘कुणीही.’

त्या वेळी मी खरं सांगितलं असतं तर ती पोरगी अर्ध्या मिनिटात मुद्द्यावर आली असती.

तिने शिकवलं मात्र मनापासून. वेबसाइटचा पत्ता म्हणून माझं नाव घेतलं, सासरचं. पहिल्या पानाच्या मथळ्यात तेच नाव, पुढे ‘लेखिका, डोंबिवली’, कारण बाळकुमची मी अजून झालेच नव्हते. ‘लेखिका’ हा शब्द मी घातला, तिने फक्त भुवया उंचावल्या. मग ती म्हणाली, लेखांना सरळ मथळे द्या. माझे मथळे होते ‘भोंगा’, ‘पलीकडची वाटी’, ‘काठावर’. लेखांमध्ये मी मोहन्याचं नाव कुठेही घेतलं नव्हतं. आमची कॉलनी, आमचा कारखाना, आमची नदी. गावाचं नाव न घेता गाव उभं करायचं, असा माझा बाणा.

‘आई, गावाचं नाव लिहा ना,’ ती म्हणाली. ‘आमची कॉलनी, असं टाकून कुणी शोधत नाही.’

‘वाचणाऱ्याला कळतं बरोबर.’

‘वाचण्याआधी सापडायला तर हवं.’

मी तिला लेखनातलं काय कळतं, अशा नजरेने बघितलं. मग तिने विचारलं, ‘तुमचं लग्नाआधीचं नाव कुठेतरी घालू का? एखादी ओळ. जुने लोक त्याच नावाने शोधतील.’

आता यात चिडण्यासारखं काय होतं? पण मी चिडले. ‘त्या नावाने मला आता ओळखतं कोण? आणि तू नाव बदललं नाहीस म्हणून मी माझं परत घ्यायचं की काय?’

ती पुढचं दाखवायला लागली. माझ्या तोंडून गेलेलं ते वाक्य मी किती वेळा गिळायचा प्रयत्न केलाय. तिची क्षमा मागून झाली आहे, ती हसून ‘अहो आई, सोडा’ म्हणाली आहे. नुकसान तिचं झालंच नव्हतं.

पुढचं म्हणजे फोटो. लेखांबरोबर मी जुने फोटो लावणार होते. कॉलनीचं फाटक, वडील युनिफॉर्ममध्ये, आणि सगळ्यात मोठा, पहिल्या पानावर, आम्हा दोघींचा. गणपतीच्या कार्यक्रमातल्या नाचानंतर कॉलनीच्या फोटोग्राफरने काढलेला. आमच्या दोघींच्या आयांनी सोसायटीच्या दुकानातून एकाच ताग्यातलं आर्ट सिल्क घेऊन एकाच शिंप्याकडे फ्रॉक शिवले होते, ते घालून आम्ही स्टेजच्या पायरीवर उभ्या. हा फोटो दिसला की ती मला ओळखणार, नावबिव काही लागणार नाही, अशी माझी खात्री. पण फोटो दिसायला आधी पान सापडावं लागतं, हे सुनेने नुकतंच सांगितलेलं माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

‘सर्च इंजिनला फोटो दिसत नाही, आई,’ ती म्हणाली. ‘त्याला डोळे नसतात म्हणा ना. म्हणून प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहायची, फोटोत काय आहे ती. पानावर ती दिसत नाही, पण सर्च इंजिन वाचतं. आणि ज्यांना दिसत नाही ना, त्यांचा फोन तीच ओळ त्यांना वाचून दाखवतो. म्हणून नीट लिहा.’

मी यातलं सर्च इंजिन वाचतं एवढंच ऐकलं. फाटक, वडील, नदी, आम्ही दोघी, सगळ्या फोटोंमागे मी एकच ओळ डकवली: माझं सासरचं नाव, लेखिका, डोंबिवली, आठवणी. सुनेने बघितलं असतं तर तिने काढायला लावली असती. असलं नाव कोंबत सुटणं सर्च इंजिनलाही आवडत नाही, हे मला नंतर कळलं. पण तोवर तिला ऑफिसचा फोन आला होता आणि मी शिकले होते. एकदा हात बसला की मी कुणाला विचारत नाही, हा माझा प्रयोगशाळेपासूनचा स्वभाव.

आणि मग माझा पहिला नंबर आला. सासरचं नाव टाकलं की सगळ्यात वर मी. शाळेत कधी न आलेला पहिला नंबर असा म्हातारपणी आला आणि मी हवेत गेले. रोज सकाळी चहाच्या आधी नाव टाकून बघायचे. सून म्हणाली, तुमच्याच फोनवर बघू नका, तो तुम्हाला तुमचंच दाखवणार. मग मी दुसऱ्यांचे फोन धरले. दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंना नाव टाकायला लावलं. सोसायटीच्या सेक्रेटरीला लावलं. भाजीवालीने टाकलं, तिच्याही फोनवर मी पहिली, तिने खूश होऊन कोथिंबीर जास्त घातली. नवरा म्हणाला, ‘अगं, ज्यांना तुझं नाव सांगतेस त्यांनाच तू सापडतेयस.’ बोलून तो पेपरात डोकं घालून बसला. मी त्याला म्हटलं, तुम्हाला यातलं काही कळत नाही.

कोण काय शोधत आपल्या पानावर आलं, ते दाखवणारा एक तक्ता असतो. मी तो भाविकपणे वाचायचे. एका लेखात रेयॉनच्या साडीचा उल्लेख होता, म्हणून ती घरी कशी धुवावी हे शोधणाऱ्या बायका यायच्या. बाळकुमला भाड्याने घर शोधणारे यायचे, कारण एका लेखात मी नव्या घराबद्दल कुरकुर केली होती. संपर्काची एक चौकट ठेवली होती, तीत निरोप यायचे ते सगळे तुमची वेबसाइट पहिल्या नंबरावर आणून देतो म्हणणाऱ्यांचे. त्यांना मी उत्तर देत असे की मी ऑलरेडी पहिली आहे. ज्या एका निरोपासाठी चौकट ठेवली, तो येत नव्हता. पहिल्या वर्षी रोज वाट बघितली. मग वाटलं, तिला नसेल इंटरनेटची सवय. मग वाटलं, तिने शोधलंच नसेल. मग एक दिवस असंही वाटलं, की ती विसरली. मला राग आला तिचा. वर्षानुवर्षं मी तिच्यावर रुसून होते, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मग शाळेचं संमेलन निघालं, कल्याणला एका हॉलमध्ये. आमच्या बॅचच्या आणि मागच्यापुढच्या बॅचच्या सगळ्यांना बोलावलं होतं. दारात छातीवर लावायला नावांचे बिल्ले ठेवले होते, बँकेतून निवृत्त झालेल्या एका नीटनेटक्या माणसाने सुंदर छापून आणलेले. पुरुषांची नावं होती तीच होती, ते भराभर एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले. बायका मात्र एकमेकींच्या बिल्ल्याकडे बघून नुसतं हसत होत्या. कारण बिल्ल्यांवर आमची आधार कार्डावरची नावं होती, आणि शाळेत तर त्या नावांची एकही मुलगी नव्हती.

‘तू कोण गं?’ एका जाडजूड बाईने माझा बिल्ला वाचून विचारलं.

मी नाव सांगितलं. तिने पुन्हा बिल्ला वाचला. ‘हो, पण तू कोण?’

 मग मी ते जुनं नाव, आडनावासकट, उच्चारलं. ती बाई किंचाळलीच. आमच्या मागच्या बाकावर बसायची ती. तिने पर्समधून पेन काढलं, स्वतःचा बिल्ला उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माहेरचं नाव लिहून पुन्हा लावला. मग माझा ओढून घेतला. हॉलभर तेच सुरू झालं, बायका बिल्ले उलटे करून लिहायला लागल्या, पेनं कमी पडली. ते नीटनेटके गृहस्थ बिचारे बघत राहिले. गलका वाढला, ‘अय्या तू’, ‘अगं तू होय’, कोण रडतंय, कोण कुणाच्या गालाला हात लावतंय. मी उलट्या बिल्ल्यावरचं माझं नाव बघत उभी होते. ते त्या मागच्या बाकावरच्या बाईच्या हस्ताक्षरात असल्यामुळे असेल, मला ते वाईट दिसलं नाही. आणि तिथे, पावभाजीच्या रांगेत, मला कळलं, की माझी मैत्रीण मला याच नावाने शोधत असणार आणि ते माझ्या वेबसाइटवर कुठेच नाही.  मी ताट ठेवून दिलं.

घरी आल्यावर सुनेला सगळं सांगितलं. मैत्रिणीचंही सांगितलं, पहिल्यापासून. ती ‘मी म्हटलं होतं’ म्हणेल म्हणून मी तयारीत होते. तिने एका शब्दाने ऐकवलं नाही, लॅपटॉप उघडला. तिच्या या चांगुलपणाचा मला जास्त त्रास झाला. आम्ही मथळ्यात माझं लग्नाआधीचं नाव घातलं. मोहने घातलं, रेयॉन कॉलनी घातलं, शाळेचं नाव घातलं, प्रत्येक लेखाला साधा सरळ मथळा दिला. सर्च इंजिनला हे बदल कळायला वेळ लागतो, ती म्हणाली, ते पुन्हा येऊन वाचून जाईल तेव्हा. फोटोमागच्या ओळी मात्र तशाच राहिल्या. त्या पानावर दिसत नाहीत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आल्या नाहीत.

गणपती झाले, नवरात्र बसलं, आणि संपर्काच्या चौकटीत एक निरोप आला. त्यात पूर्णविराम, स्वल्पविराम काही नव्हतं.

‘अगं तूच का ती कॉलनीतली वाटी वाजवणारी मी पलीकडची बोलून लिहितेय चुका असतील तर हसू नकोस फोन नंबर दे’

मी नंबर दिला आणि फोन हातात धरून गॅलरीत बसले. तिचा आवाज जाड झाला होता आणि मराठीला इंदूरचं वळण आलं होतं.  तिने आधी विचारलं, ‘चहा घेतेस का गं अजून?’ तिचा नवरा चहा पीत नव्हता तो शेवटपर्यंत प्यायला नाही. तो जाऊन काही वर्षं झाली. तिने मात्र रोज दोनदा घेतला, त्याच्यासमोर बसून. मी इतकी हसले, की आतून नवरा बघायला आला.

‘तुझं नाव टाकून टाकून थकले मी,’ ती म्हणाली. ‘भाच्याने कॉम्प्युटर घेतला तेव्हापासून बघतेय. सगळ्या दुसऱ्याच बाया. मग मला वाटलं, तू गेली असशील. एक दिवस देवापाशी दिवा लावला तुझ्या नावाने आणि शोधणं बंद केलं.’

‘मग आता कशी शोधलीस?’

‘नातीने फोनला बोलायला शिकवलं. आता मला टाइप करावं लागत नाही ना. सहज नाव घेतलं तुझं, तर त्याने तुझं पान काढलं. ऐकतच राहिले मी.’

टाइप का करावं लागत नाही, हे मी विचारलं. काचबिंदू, ती म्हणाली. तिच्या आईला होता, तिलाही झाला. आधी कडेचं जायला लागलं, मग मधलंही. आता उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं. हे सगळं तिने पीठ संपलंय सांगावं तशा आवाजात सांगितलं. माझे सगळे लेख तिने फोनकडून वाचून घेतले होते. भोंग्याचा लेख ऐकून ती रडली. नदीच्या लेखात मी एक गोष्ट चुकीची लिहिलीय, पाण्यात ती घसरली नव्हती, मी घसरले होते, हे तिने ठासून सांगितलं. असेलही. मग ती म्हणाली,

‘एक विचारू?’

‘विचार की.’

‘मधे मधे फोन म्हणतो, फोटो. आणि मग तुझं ते दुसरं नाव घेतो आणि डोंबिवली म्हणतो. दर वेळी तेच. फोटोत काय आहे ते सांगतच नाही. त्यात कुठे मी आहे का गं?’

 गॅलरीतून खाली सोसायटीच्या बागेत बायका चालत होत्या, त्या बघत बसले. त्या फोटोसाठी तर सगळी वेबसाइट होती. तो तिने बघावा म्हणून मी मोठा करून पहिल्या पानावर लावला होता, आणि त्यामागे लिहून ठेवलं होतं माझंच नाव.

‘आहेस,’ मी म्हटलं. ‘पहिल्याच फोटोत आहेस.’

‘कुठला?’

‘नाचाचा. फ्रॉक.’

‘मोरपंखी,’ ती लगेच म्हणाली. फोटो कृष्णधवल आहे. तो रंग आता जगात आम्हा दोघींनाच माहीत असेल. ‘कशी दिसते मी?’

मी लॅपटॉप आणवला आणि फोटो पुढ्यात घेऊन सांगायला लागले. स्टेजची पायरी आहे. मागे अर्धवट पताका दिसतेय. मी डावीकडे, छाती पुढे काढून, कॅमेऱ्याकडे बघतेय. तुझा एक मोजा खाली आलाय. तुझ्या वेण्या वर बांधल्यात. आणि तू, मी म्हटलं, आणि थांबले. इतकी वर्षं हा फोटो माझ्याकडे होता. मी तो साफ केला, कापला, लहानमोठा केला, रोज सकाळी पहिल्या पानावर बघितला. बघताना मी स्वतःकडेच बघत असणार.

‘मी काय?’

‘तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेस. तू माझ्याकडे बघून हसतेयस.’

 ती म्हणाली, ‘असेन. तू नाचात चुकली होतीस ना.’ आणि जरा वेळाने, ‘तसं लिही ना मग तिथे. म्हणजे फोन मला सांगेल.’

मी ते त्याच संध्याकाळी लिहिलं, सुनेला शेजारी बसवून. दोघींची माहेरची नावं, पायरी, पताका, मोरपंखी रंग, खाली आलेला मोजा, आणि ती कुणाकडे बघतेय ते. ओळ फार लांब झाली, सून म्हणाली इतकी लांब चालत नाही, पण असू दे. दुसऱ्या दिवशी फोन आला, तिने ती पुन्हा पुन्हा ऐकली होती. आता आम्ही रोज बोलतो. मी इंदूरला जाऊन आले, तिने माझा चेहरा हातांनी चाचपून बघितला आणि जाड झालीस म्हणाली. सगळं चांगलंच आहे, लोक म्हणतात उशिरा का होईना भेटलात. तिथे तिच्या जेवणघरात बसले असताना मी एकदा सहज विचारलं, पूर्ण दिसेनासं होऊन किती काळ झाला. ती म्हणाली, फार नाही, मागच्याच्या मागच्या दिवाळीपर्यंत मोठा फोटो जवळ धरला की चेहरे कळायचे. मी वेबसाइटवर तो फोटो लावला, त्याच्या कितीतरी नंतरची ती दिवाळी.